मधी कोण बसलंय?

गिरिजाक्का फोनवर कधी कुणाचं नाव घेत नसत. माणसाचं नाही, गावाचंही नाही. कोण कुठल्या गाडीनं येणार, कोण आजारी, कुणाचं लग्न जमलं आणि कुणाचं मोडलं, काही म्हणजे काही नाही. फोन वाजला की उचलायच्या, "बोला" म्हणायच्या, समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायच्या आणि "बरं, या घरी" एवढं बोलून ठेवून द्यायच्या. त्यांचे थोरले भाऊ वारले तेव्हा धाकट्या बहिणीला त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. "साडी नेसलीयस न्हवं? मग अशीच नीघ आणि ये." बास. तिकडं बहीण "काय झालं, अगं काय झालं" म्हणून ओरडत होती ते मला इथं खुर्चीवर ऐकू येत होतं. फोन ठेवल्यावर आक्कांनी पदरानं डोळे पुसले. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता. एवढं काय दगड व्हायचं माणसानं!

आम्ही कसबा बावड्यात राहायला आलो ते नव्वदनंतर लगेचच. आमचं घर आणि आक्कांचं घर यांच्यामध्ये एक कमरेएवढी भिंत. बाई पासष्टीकडं झुकलेली, ताठ, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलं तर "राहिलं ते राहिलं" म्हणून विषय बंद. मूळच्या सीमेकडच्या, त्यामुळं मराठी आणि कन्नड दोन्ही सारखंच फडाफडा. आपल्याकडच्या बायका बोलतात तसं "मी आलो, मी बसतो" असं बोलायच्या. आणि आवाज काय खणखणीत! एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर ऑपरेटर म्हणून उभी हयात गेली होती ना.

आता ट्रंक बोर्ड म्हणजे काय हे आमच्या पोरांना सांगावं लागतं. परगावी फोन करायचा तर आधी ऑपरेटरकडं नोंदवायचा. मग ती दोरीचं एक टोक इकडच्या भोकात, दुसरं तिकडच्या भोकात घालून दोन माणसं जोडून द्यायची. जोडल्यावर कानातलं काढून ठेवायचं असा नियम. "नियम होता," आक्का म्हणायच्या, "पण तीन मिनिटं झाली की 'वाढवू का' म्हणून विचारायला मधी शिरावं लागायचं. आणि कान हाय त्यो, मोहन. त्याला झाकण न्हाय."

त्यामुळं जगातल्या कुठल्याही नव्या वस्तूबद्दल आक्कांचा एकच प्रश्न असायचा. मधी कोण बसलंय?

आमच्या कोल्हापुरात मतं नसलेला माणूस सापडणं अवघड. चहाच्या टपरीवर दिल्लीचं सरकार पाडतात आणि दुसरा चहा येईपर्यंत नवं बसवतात. आमची गल्लीही तशीच. केबल आली तेव्हा भांडणं, मोबाइल आला तेव्हा भांडणं, कुठलं सिमकार्ड बरं यावरनं तर दोन सख्खे भाऊ महिनाभर बोलत नव्हते. आक्का मधल्या भिंतीवर हात टेकून सगळं ऐकायच्या आणि शेवटी आपलं घोडं पुढं दामटायच्या. "तुमचं सगळं खरं. पण मधी कोण बसलंय ते सांगा की."

मतदानाला त्या पहिल्या रांगेत. येताना कुणी विचारलंच, आक्का कुणाला दिलं, तर बोट दाखवायच्या. "शाई बोटाला लागलीय, तोंडाला न्हाय." पण मतपेटी जाऊन यंत्र आलं तेव्हा मात्र बिनसलं. "कागुद होता तवा घडी घालून माझ्या हातानं टाकत होतो. आता नुसतं पीं वाजतंय. पीं वाजल्यावर पुढं काय?" मी म्हटलं, आक्का, सगळं यंत्रात असतं, मध्ये माणूसच नाही. त्या म्हणाल्या, "मग तर लईच वाईट. माणूस असला तर त्याला लाज तरी असती."

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या ऑफिसात होतो. कॉम्प्युटर शिकलेला आमच्या गल्लीतला पहिला माणूस मी, आणि त्याची मला घमेंड होती हे आता कबूल करायला हरकत नाही. घरी कॉम्प्युटर आणला, फोनच्या वायरीवरनं इंटरनेट घेतलं, तेव्हा आक्कांना मुद्दाम दाखवायला बोलावलं. ते पूर्वीचं किर्र-कुंई-खर्र सुरू झालं. बाकीची मंडळी कानावर हात ठेवून हसत होती. आक्का डोळे मिटून ऐकत होत्या. एकदम म्हणाल्या, "उचललं बघ तिकडनं." आणि खरंच, त्याच क्षणी लागलं! मी त्यांना अमेरिकेतल्या कुठल्याशा शहराचा फोटो उघडून दाखवला. तो वरनं खाली हळूहळू उतरत होता. आक्कांचं फोटोकडं लक्षच नव्हतं.

"हे तू बघितलंस ते तिकडं कळलं?"

"कळलं असेल की. नोंद राहते."

"किती दिवस?"

मी हसून म्हटलं, "कायमची. कॉम्प्युटर विसरत नाही, आक्का."

त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला आणि चहा न घेताच घरी गेल्या. माझी बायको शोभा म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला कशाला घाबरवताय?" मला मात्र गंमत वाटली होती.

ती भीती कुठनं आली होती ते मला पुढं कळलं. एके दुपारी शोभानं आमच्या पुतणीचं कुणाबरोबर तरी जमलंय हे फोनवर आपल्या बहिणीला सांगितलं. आक्का भिंतीपलीकडं शेवग्याच्या शेंगा काढत होत्या. तशाच आल्या, शेंगा हातात, आणि शोभाला असं झापलं की ती रडायलाच लागली. मी मध्ये पडलो. तेव्हा आक्का खाली जमिनीवर बसल्या आणि बोलल्या. तोपर्यंत त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

फार जुनी गोष्ट. आक्का बोर्डावर नव्या होत्या. त्यांच्याच समाजातल्या एका व्यापाऱ्याची मुलगी दुकानातनं गुपचूप फोन करायची, पलीकडं एक मुलगा. एकदा "वाढवू का" विचारायला आक्का मध्ये गेल्या आणि त्यांनी ऐकलं की मंगळवारी सकाळच्या गाडीनं दोघं जाणार आहेत. व्यापारी ओळखीचा. मठात भेटायचा. भला माणूस. पोरीचं वाटोळं होऊ नये म्हणून आक्कांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं.

"चार दिसांनी त्यानंच पाच ट्रंक कॉल नोंदवले," आक्का म्हणाल्या. "पाच गावास्नी. मीच जोडून दिले, मोहन. पाची जणास्नी एकच वाक्य. पोरगी पाणी काढताना पाय घसरून हिरीत पडली. आवाज हलला न्हाय बघ त्याचा. शेवटच्या कॉलला तीन मिनिटं झाली. मी मधी जाऊन इचारलं, वाढवू का? म्हणाला, नको, एवढंच सांगायचं होतं."

शोभाचं रडं थांबलं होतं. आक्का शेंगा गोळा करून उठल्या. जाताना म्हणाल्या, "त्यांच्या घरात नळ होता."

त्यानंतर मी त्यांची चेष्टा करणं सोडलं. पण त्यांचं म्हणणं मला पटलं असं नाही. तो काळ वेगळा होता, ती माणसं वेगळी होती, असं मी स्वतःला समजावलं. आता शिक्षण आलंय, मोबाइल आलाय, कोण कुणाच्या मागं लागतंय, असं मी चक्क बोलूनही दाखवायचो.

आणि मग आमच्या फाउंड्रीत दिलीप लागला. मोल्डिंगला. विशी-बाविशीचा, कामाला वाघ, बोलायला कमी. महिन्याभरानं माझ्या टेबलाशी आला आणि खोली मिळेल का विचारू लागला. बायको बरोबर होती, सविता. जातीबाहेरचं लग्न, पळून जाऊन केलेलं. मुलगी सीमेकडच्या एका बड्या बागायतदाराची. दोघं तीन गावं बदलून आली होती. मी त्यांना आक्कांकडं घेऊन गेलो, त्यांची मागची खोली रिकामी होती.

आक्कांनी जात विचारली नाही, भाडं सांगितलं नाही. सविताकडं बघून एवढंच विचारलं, "कोण शोधतंय?"

"भाऊ," सविता म्हणाली. "दोघं."

"सापडलीस तर?"

दिलीपनं मान खाली घातली. आक्कांनी किल्ली तिच्या हातात ठेवली.

त्या दिवसापासून आक्कांना दुसरं काही राहिलं नाही. ही पोर जगली पाहिजे. उघड बोलायच्या नाहीत, पण आम्हाला कळत होतं की मागच्या पोरीचं जे झालं ते या पोरीचं होऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठीच बाई आता उठत-बसत होती. नियम घातले. मोबाइल घ्यायचा नाही. घरातल्या फोनला हात लावायचा नाही. फोटो काढून घ्यायचा नाही, लग्नाकार्यात कुणी कॅमेरा काढला की पदर घ्यायचा. कॉम्प्युटरवर मैत्री जुळवायच्या साइटी तेव्हा नव्या आल्या होत्या. आमची पोरगी त्यावर फोटो टाकायची. सविता तिच्याबरोबर बसली की आक्का भिंतीवरनं हाक मारायच्या.

आठ महिने बरे गेले. सविता हसायला लागली. आक्कांनी तिला कन्नड पदं शिकवली, तिनं आक्कांना ज्वारीची कणी शिजवून घातली. पोरगी गोड होती हो. फक्त बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला की हातातलं काम थांबायचं, आणि जीप पुढं गेली की पुन्हा सुरू व्हायचं. हे आम्ही रोज बघत होतो.

त्या वर्षी महापालिकेची निवडणूक यायची होती. आमच्या प्रभागातनं एक दादा उभे राहणार होते. त्यांचं नाव काय सांगायचं, दादाच म्हणूया. संक्रांतीला दादांनी महिलांसाठी जंगी हळदीकुंकू ठेवलं. मांडव, वाण म्हणून स्टीलचा डबा, आणि लकी ड्रॉ. पहिलं बक्षीस फ्रिज. ड्रॉसाठी कूपन भरायचं, त्यावर नाव, पत्ता, फोन, वाढदिवस. आणि एक रकाना जास्तीचा होता. माहेरचं गाव.

तो रकाना माझी अक्कल. दादांच्या संपर्क कार्यालयात मी कॉम्प्युटरवाला म्हणून जात होतो, तिथं शायनिंग मारायला मीच सुचवलं. आपल्याकडं मत कसं मिळतं? पक्षानं थोडंच मिळतं! पावण्यापैनं, नात्यागोत्यानं मिळतं. बाईचं माहेर कळलं की त्या गावातला आपला कोण ते शोधायचं, त्याच्याकडनं तिच्या बापाला, भावाला निरोप धाडायचा, आणि भावानं सांगितलं की अख्खं घर फिरतं. पूर्वी हे कार्यकर्त्याच्या डोक्यात असायचं. मी म्हटलं, कॉम्प्युटरवर एक बटन दाबलं की गावाप्रमाणं यादी लागेल. दादांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती.

सविताला आक्कांनी जाऊ नको सांगितलं होतं. पण आक्का त्या दिवशी मठात गेल्या आणि गल्लीतल्या बायकांनी तिला ओढून नेलं. तिला लग्नानंतर कुणी सवाशीण म्हणून बोलावलंच नव्हतं. ओटी भरली, हळद लावली, कूपन हातात दिलं. आणि त्या रकान्यापाशी आल्यावर काय झालं असेल ते माझ्या मनातनं आजही जात नाही. खोटं लिहिता आलं असतं. रिकामं सोडता आलं असतं. पण दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला माहेर विचारलं होतं. तिनं लिहिलं. छान वळणदार अक्षरात, तालुक्यासकट.

ते कूपन मीच टाइप केलं. दोन रविवार बसून हजारो कूपनं भरली, बोटं आपोआप चालत होती, सविता दिलीप आलं आणि गेलं. सीडी करून कार्यालयात दिली.

आठवड्यानं सवितानं आपणहून आक्कांना सांगितलं. भाबडेपणानं. फ्रिज काही लागला नाही म्हणाली. आक्का तशाच माझ्याकडं आल्या. मी कॉम्प्युटर लावला, नाव शोधून त्यांच्यासमोर पुसलं. "झालं, आक्का."

"दुसरीकडं कुठं हाय?"

"कार्यालयात एक सीडी आहे. पण तिथं कोण बघतंय? हजारो नावं आहेत."

"मी जातो."

त्या वेळी मी त्यांना थांबवायला पाहिजे होतं. गप्प बसलो असतो आम्ही, तर ते नाव त्या ढिगात निवडणूक होईपर्यंत पडून राहिलं असतं आणि नंतर कुणी त्या सीडीकडं ढुंकून बघितलं नसतं. पण मी काय म्हणालो? "चला, मी येतो. माणसं चांगली आहेत." माणसं चांगली होतीच की!

कार्यालयात विकास म्हणून एक गृहस्थ बसायचा. चाळिशीचा, दोन पोरांचा बाप, सगळ्यांच्या मयताला आणि बारशाला हजर असणारा. आक्कांना बघून उठला, खुर्ची दिली, चहा सांगितला.

"यादीतलं एक नाव काढायचं हाय," आक्का म्हणाल्या.

"काढू की, आक्का! कुठलं?"

आक्का थांबल्या. माझ्याकडं बघितलं. मला अजून ते बघणं आठवतं. बोर्डावरनं उतरल्यापासून ज्या बाईनं सख्ख्या भावाचं मरणसुद्धा नाव न घेता कळवलं, ती त्या खुर्चीत बसून घसा साफ करत होती.

"सविता दिलीप," त्या म्हणाल्या.

विकासनं टाइप केलं. "बघा! एका सेकंदात." तो खूश झाला. मग वाचायला लागला. "पत्ता, तुमचीच गल्ली. माहेर..." त्यानं गावाचं नाव मोठ्यानं वाचलं. "आयला! हे तर आमच्या मेव्हण्याच्या शेजारचं गाव. बांधाला बांध. कुणाची म्हणायची ही? आक्का, अहो आपलीच पोरगी निघाली की!"

"पुसा ते," आक्का म्हणाल्या.

"पुसतो की. पण का हो, काय भानगड हाय?"

"काय न्हाय. पुसा."

त्यानं पुसलं. आमच्या डोळ्यांदेखत पुसलं. चहा आला, तो आक्कांनी घेतला नाही. बाहेर पडून रस्त्याला लागलो तशा त्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या.

"मी नाव घेतलं, मोहन."

"आक्का, त्यानं पुसलंय. मी बघितलं."

"कॉम्प्युटरातनं पुसलं. त्याच्या डोक्यातनं?" त्यांचा आवाज चढला होता, रस्त्यावरची माणसं बघायला लागली. "हजारात एक पडलं होतं ते मी उचलून त्याच्या हातात दिलं. आज सांजच्याला त्यो मेव्हण्याला फोन करणार. वाईट मनानं न्हाय रे, कौतुकानं करणार! तुमच्या गावची पोरगी आमच्या वॉर्डात हाय म्हणून सांगणार. मी बी कौतुकानंच सांगितलं होतं."

पुढं कळलं की त्यानं संध्याकाळपर्यंतसुद्धा वाट बघितली नव्हती. आम्ही पायऱ्या उतरत होतो तेव्हाच त्यानं मोबाइल काढला होता.

आक्का मला म्हणाल्या, शिरोलीला जा आणि दिलीपला घेऊन ये. मी गेलो. तो सुट्टी न मागताच निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या गगनबावड्याच्या एसटीत आक्कांनी दोघांना बसवलं. घाट उतरून कोकणात जायचं, पुढं कुठं ते दिलीपनं ठरवलं होतं. तो सांगायला लागला तर आक्कांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"मला सांगू नको. मोहनला बी न्हाय. आमाला म्हाईत नसलं तर आमच्याकडनं जाणार न्हाय. फोन करायचा न्हाय. पोचलो म्हणून सुद्दा न्हाय. पोर झालं तरी न्हाय."

सविता खिडकीशी होती. डोळे सुजलेले. "आक्का, मग तुम्हाला कळणार कसं?"

"न्हाय कळलं तरी चालतंय," आक्का म्हणाल्या. गाडी सुटली तेव्हा त्यांनी हात केला नाही. कुणी बघेल म्हणून.

तिसऱ्या दिवशी, सोमवारी, जीप आली. दोन भाऊ आणि एक वयस्कर चुलता. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, दार फोडतील. तसलं काही नाही. चपला बाहेर काढल्या, आक्कांच्या पाया पडले, कन्नडमध्ये अव्वा, म्हणजे आई, म्हणून बोलायला लागले. थोरल्यानं शेतातली वांगी आणली होती, ती पिशवी भिंतीशी ठेवली. आई अंथरुणाला खिळलीय, पोरीचा ध्यास घेतलाय, एकदा बघून जाऊ दे, एवढंच म्हणणं. धाकटा मागच्या दारात जाऊन उभा राहिला. दोरीवर सविताचं एक पोलकं वाळत राहिलं होतं, ते त्यानं काढलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं.

"भाड्यानं होती. गेली," आक्का म्हणाल्या. "कुठं गेली म्हाईत न्हाय." आणि त्यांना चहा दिला.

"आठवलं तर सांगा, अव्वा. आम्ही येतो परत."

पुढच्या सोमवारी आले. त्याच्या पुढच्याही. बाजारचा दिवस म्हणून कोल्हापुरात यायचे आणि दहाच्या सुमाराला आक्कांच्या दारात. कधी वांगी, कधी दोडके, एकदा गुळाची ढेप. तोच प्रश्न, तेच उत्तर, चहा. आवाज कधी चढला नाही. मी पोलिसांत जाऊया म्हटलं तर आक्का म्हणाल्या, "काय सांगणार? वांगी आणून देत्यात म्हणून?" भाजी त्या गाईला घालायच्या. आणि जीप गेली की मात्र दिवसभर बऱ्या असायच्या. जेवायच्या, शोभाशी बोलायच्या. मला ते कळायचं नाही.

असे अकरा सोमवार गेले. बाराव्याला कुणी आलं नाही.

मी दुपारी भिंतीवरनं वाकून म्हटलं, "आक्का, सुटलो की हो! दमले शेवटी."

आक्का उंबऱ्यात बसल्या होत्या. गॅसवर पातेल्यात चहाचं पाणी आटून गेल्याचा वास येत होता.

"कोण सुटलं?" त्या म्हणाल्या. "ती माणसं येत हुती तवर मला कळत हुतं, मोहन. इचारायला येत्यात म्हणजे अजून घावली न्हाय. दर सोमवारी मला सांगून जात हुती ती, पोरगी जित्ती हाय म्हणून." मग म्हणाल्या, "शोधणारा माणूस दोन येळेला थांबतोय. एक दमल्यावर." दुसरं त्यांनी सांगितलं नाही.

मी म्हटलं, इंटरनेटवर बघू का, कोकणातली वर्तमानपत्रं आता तिथं दिसतात. दिलीपचं नाव टाकून बघू. तर म्हणाल्या, "नाव टाकलंस तर याद राख." मग मी नाव न टाकता नुसताच वाचत राहिलो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कधी गोवा. वाहून गेलेली माणसं, विहिरीत सापडलेली, ओळख न पटलेली. चार महिने ऑफिसातनं आल्यावर हाच उद्योग. काही मिळालं नाही. मिळालं नाही याचा अर्थ काय घ्यायचा तेही कळलं नाही. दादा निवडून आले. विकास पेढे घेऊन दारात आला, मी घेतले नाहीत. त्याला कारण समजलं नाही आणि मला सांगता आलं नाही, कारण रकाना माझाच होता.

पुढं आम्ही उचगाव रस्त्याला फ्लॅट घेतला. बावड्याला जाणं कमी झालं. दोनेक वर्षांनी एकदा सुट्टी होती म्हणून सकाळी आक्कांना भेटायला गेलो. सोमवार होता हे माझ्या डोक्यातही नव्हतं. कोपऱ्यावर स्कूटर लावत होतो, तेवढ्यात मागनं एक जीप गल्लीत शिरली.

आक्का दारात उभ्याच होत्या. खूप वाळल्या होत्या, साडी अंगाभोवती नुसती गुंडाळल्यासारखी. जीपचा आवाज ऐकला आणि बाई एकदम पुढं आली. पायात चप्पल नाही, भर रस्त्यात. जी माणसं त्या पोरीच्या जिवावर उठली होती त्यांची ती वाट बघत होती, आणि आयुष्यात कधी बघितला नाही एवढा आनंद मला तिच्या तोंडावर दिसला. हात वर करून ती हाक मारत होती, "या, या! बसा, चहा टाकलाय!"

जीप दुसऱ्याच कुणाची तरी होती. ती हॉर्न देऊन पुढं गेली. आक्का थोडा वेळ तिथंच रस्त्यात उभ्या राहिल्या, मग गॅस बंद करायला आत गेल्या.